रॅपामायसिन: उंदरांचं आयुष्य वाढलं, माणसाचं काय?

अँजिओप्लास्टी झालेलं कुणी ना कुणी आता बहुतेक कुटुंबांत असतं. रक्तवाहिनीत बसवलेल्या त्या जाळीवर, म्हणजे स्टेंटवर, औषधाचा पातळ लेप असतो. आपल्याकडे बसवल्या जाणाऱ्या कित्येक स्टेंटांवर ते औषध असतं सिरोलिमस. जाळी बसवताना वाहिनीच्या आतल्या भिंतीला इजा होते. ती भरून काढताना तिथल्या पेशी भराभर वाढल्या तर जाळी पुन्हा बुजते, आणि सिरोलिमस ही वाढ रोखतं. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांनाही हेच औषध गोळीच्या रूपात देतात, शरीरानं नवं मूत्रपिंड परकं म्हणून झिडकारू नये यासाठी.

या औषधाचं मूळ नाव रॅपामायसिन. म्हातारपणावर काम करणाऱ्या प्रयोगशाळांत २००९ पासून याच्याइतकी चर्चा क्वचितच दुसऱ्या औषधाची झाली असेल. औषध देऊन सस्तन प्राण्याचं आयुष्य वाढवता येतं, याचा सर्वांत भक्कम पुरावा रॅपामायसिनचाच आहे. तरीही निरोगी माणसानं ते घ्यावं असं म्हणण्याइतका पुरावा आज हातात नाही. ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी कशी, हे नीट समजून घ्यायला हवं. ‘वय थोपवणारं’ म्हणून जे जे विकलं जातं, त्याला कोणते प्रश्न विचारायचे ते त्यातूनच कळतं.

मातीचे ६७ नमुने

चिलीच्या किनाऱ्यापासून सुमारे साडेतीन हजार किलोमीटर दूर प्रशांत महासागरात ईस्टर बेट आहे. तिथले लोक त्याला रापा नुई म्हणतात. १९६४ च्या अखेरीस कॅनडाचं एक वैद्यकीय पथक तिथे गेलं. पथकातले सूक्ष्मजीवतज्ज्ञ जॉर्ज नोग्राडी यांना एक कोडं पडलं होतं. घोड्यांचा वावर असलेल्या या बेटावर लोक अनवाणी हिंडतात, तरी त्यांना धनुर्वात का होत नाही? त्यांनी बेटाचे ६७ भाग पाडले आणि प्रत्येक भागातली माती नळीत भरून आणली. धनुर्वाताचे जंतू त्यांतल्या एकाच नमुन्यात सापडले.

ही माती पुढे मॉन्ट्रियलमधल्या आयर्स्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत पोचली. तिथे सुरेन सेहगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस हायग्रोस्कोपिकस या जिवाणूत बुरशी मारणारा एक पदार्थ सापडला. सेहगल मूळचे आज पाकिस्तानात असलेल्या खुशाबचे. बेटाच्या नावावरून पदार्थाचं नाव पडलं रॅपामायसिन. बुरशीवरचं औषध म्हणून ते बाजारात आलंच नाही, कारण ते प्रतिकारशक्ती दाबत होतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीनं मॉन्ट्रियलची प्रयोगशाळा बंद केली आणि रॅपामायसिनचं काम थांबलं. सेहगलांनी जिवाणूचा साठा टाकून दिला नाही. घरच्या फ्रीझरमध्ये ठेवला आणि अमेरिकेत बदली झाली तेव्हा सोबत नेला. ज्या गुणापायी औषध बाद झालं होतं, तोच गुण अवयव प्रत्यारोपणात उपयोगी पडला. १९९९ मध्ये अमेरिकेत त्याला मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी मान्यता मिळाली.

पेशीतलं गाळप आणि दुरुस्ती

रॅपामायसिन पेशीत नेमकं कुठे जाऊन बसतं, हे यीस्टनं दाखवलं. स्वित्झर्लंडमधल्या बासेल इथे जोसेफ हाइटमन, राव मोव्वा आणि मायकेल हॉल यांनी रॅपामायसिन घातलेल्या थाळीवर यीस्ट वाढवलं. बहुतेक पेशींची वाढ थांबली, मोजक्या तगून वाढल्या. या तगलेल्या पेशींत कोणतं जनुक बदललंय ते शोधताना दोन नवी जनुकं हाती लागली. त्यांना नाव मिळालं टॉर, म्हणजे ‘रॅपामायसिनचं लक्ष्य’. हे १९९१ साली प्रसिद्ध झालं. सस्तन प्राण्यांतल्या याच प्रथिनाला एमटॉर म्हणतात.

एमटॉर काय करतं हे समजायला साखर कारखाना डोळ्यांसमोर आणा. हंगामात ऊस येत असतो, गाळप चालू असतं, सगळं बळ उत्पादनावर. हंगाम संपला की यंत्रं उघडतात, झिजलेले रोलर काढतात, गंजलेले पाइप बदलतात. पेशीत अमिनो आम्लं आणि इन्सुलिनचा संदेश आला की एमटॉर चालू होतं. प्रथिनं बनतात, चरबी बनते, पेशी वाढते. अन्न कमी पडलं की एमटॉर मंदावतं आणि पेशी स्वतःतली खराब प्रथिनं, निकामी मायटोकॉन्ड्रिया मोडून त्यांचे सुटे भाग परत वापरते. या मोडतोडीला ऑटोफॅजी म्हणतात. तिची जनुकं यीस्टमध्ये शोधून काढणाऱ्या योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं.

वाढत्या मुलाला गाळप हवंच असतं. अडचण पुढे येते. वय वाढलं, वाढ कधीच पूर्ण झाली, तरी खाणं भरपूर असेल तर एमटॉर चढंच राहतं आणि दुरुस्तीचे महिने आखडत जातात. रॅपामायसिन पेशीत शिरून आधी एफकेबीपी१२ नावाच्या छोट्या प्रथिनाला चिकटतं आणि मग ही जोडी एमटॉरला अडवते. अन्न मुबलक असतानाही पेशीला हंगाम संपल्यासारखं वाटतं.

यात एक गाठ आहे, ती आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढचे बरेचसे दुष्परिणाम तिच्याशी बांधलेले आहेत. एमटॉर दोन वेगवेगळ्या जुळण्यांत काम करतं. पहिली जुळणी (संकुल १) रॅपामायसिनला लगेच दबते, आणि आयुष्याचा फायदा तिच्याशीच जोडलेला दिसतो. दुसरी (संकुल २) थेट दबत नाही. पण औषध दिवसेंदिवस चालू राहिलं तर ती जुळेनाशी होते आणि यकृत इन्सुलिनला दाद देईनासं होतं. म्हणूनच संशोधक रोजच्या गोळीऐवजी आठवड्यातून एकदा देऊन पाहतात. औषधाचा निम्मा भाग शरीरातून जायला साधारण अडीच दिवस लागतात. मध्ये आठवडा गेला की पातळी बरीच खाली येते आणि दुसऱ्या जुळणीला पुन्हा उभं राहायला वेळ मिळतो. कल्पना पटणारी आहे, पण माणसात ती पूर्ण सिद्ध व्हायची आहे.

तीन गावं, एकच प्रयोग

उंदराचं आयुष्य वाढवलं असा दावा करणारे शोधनिबंध पूर्वीही खूप होते आणि त्यातले पुष्कळ दुसऱ्या प्रयोगशाळेत टिकत नसत. यावर उपाय म्हणून अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन एजिंगनं इंटरव्हेन्शन्स टेस्टिंग प्रोग्राम, थोडक्यात आयटीपी, उभा केला. एकच औषध, एकाच मात्रेत, एकाच वेळी तीन ठिकाणी तपासायचं: मेन राज्यातली जॅक्सन लॅबोरेटरी, मिशिगन विद्यापीठ आणि टेक्ससमधल्या सॅन अँटोनियोचं आरोग्य विद्यापीठ. कुठलं औषध तपासावं हे बाहेरचा कोणताही संशोधक सुचवू शकतो.

या प्रयोगाची रचना जवळून पाहण्यासारखी आहे, कारण तिच्यातली प्रत्येक अट आधी कुणीतरी केलेल्या चुकीतून आलेली आहे.

उंदीर कोणते घ्यायचे, इथून सुरुवात. प्रयोगशाळेत सर्रास वापरतात ते उंदीर पिढ्यान्‌पिढ्या भावाबहिणींत संकर करून एकसारखे केलेले असतात. अशा जातीतले बहुसंख्य उंदीर एखाद्याच आजारानं मरतात. मग त्या आजारावर चालणारं कुठलंही औषध ‘आयुष्य वाढवणारं’ ठरतं. आयटीपीचे उंदीर चार जातींचे नातू असतात. आईचे आईवडील दोन वेगळ्या जातींचे, वडिलांचे आणखी दोन. त्यामुळे प्रत्येक उंदराची जनुकं वेगळी, पण सगळे एकमेकांची सख्खी भावंडं असावीत इतके जवळचे, आणि ही सरमिसळ हवी तेव्हा पुन्हा तयार करता येते.

पिंजऱ्यात नर तीन ठेवतात, माद्या चार. नर एकमेकांशी भांडतात म्हणून कमी. औषध नसलेल्या तुलनेच्या गटात औषधाच्या गटापेक्षा साधारण दुप्पट उंदीर असतात, कारण त्या एकाच गटाशी त्या वर्षीची सगळी औषधं ताडून पाहायची असतात. पिंजरे रोज तपासतात. उंदीर मेलेला आढळला तर ती तारीख लिहायची. दोन-चार दिवसांपेक्षा जास्त जगणार नाही इतका आजारी असेल तर त्याला वेदनेशिवाय मरण द्यायचं आणि तीच तारीख मृत्यूची धरायची.

वजन ठरावीक महिन्यांनी घेतात, आणि यामागे सर्वांत जुना सापळा आहे. कमी खाणारे उंदीर जास्त जगतात हे कॉर्नेल विद्यापीठात १९३५ पासून माहीत आहे. औषधानं चारा कडू झाला आणि उंदीर अर्धपोटी राहिले, तर आयुष्य वाढेल ते उपासानं, आणि श्रेय मिळेल औषधाला. वजन घसरलेलं दिसलं की संशोधक आधी हीच शंका घेतात.

दुसरा सापळा त्याहून बेमालूम आहे. तुलनेच्या गटातले उंदीर कुठल्याही कारणानं लवकर मेले, चारा वाईट, खोलीत संसर्ग, काहीही, तर औषधाचा गट आपोआप दीर्घायुषी दिसतो. नीट सांभाळलेला असा उंदीर अडीच वर्षांच्या आसपास जगतो. ‘आयुष्य ३० टक्के वाढलं’ ही बातमी वाचलीत तर तुलनेचे उंदीर किती दिवस जगले, हे आधी पाहा. ते ७०० दिवसांतच आटोपले असतील तर त्या ३० टक्क्यांवर फार विसंबू नये.

चाऱ्यात मिसळताना झालेली चूक, आणि तिचा फायदा

रॅपामायसिन चाऱ्यात मिसळायचं ठरलं तेव्हा लक्षात आलं की चारा तयार करतानाच बहुतेक औषध नष्ट होतंय. उपाय सॅन अँटोनियोत निघाला. औषधाच्या कणांवर एका बहुवारिकाचं, म्हणजे पॉलिमरचं, कवच चढवायचं, जे जठरातल्या आम्लात टिकतं आणि पुढे आतड्यात विरघळतं. हे जमेपर्यंत महिने गेले आणि प्रयोगासाठी वाढवलेले उंदीर ६०० दिवसांचे झाले. उंदराचे ६०० दिवस म्हणजे ढोबळमानानं माणसाची साठी. तरुण उंदरांवरचा प्रयोग आता म्हाताऱ्या उंदरांवर करावा लागणार होता. उंदीर फेकून न देता त्यांनाच औषध सुरू केलं.

निकाल २००९ मध्ये आला. ९० टक्के उंदीर मरायला लागलेले दिवस मोजले, तर माद्यांत ते १०९४ वरून १२४५ झाले, म्हणजे १४ टक्के वाढ. नरांत १०७८ वरून ११७९, म्हणजे ९ टक्के. तिन्ही ठिकाणी. साठीत सुरू केलेलं औषध उरलेलं आयुष्य लांबवू शकतं, हे कुणी गृहीतच धरलं नव्हतं. चारा वेळेवर तयार झाला असता तर हा प्रश्न त्या वेळी विचारलाही गेला नसता.

पुढे मात्रा वाढवून पाहिली. पहिल्या प्रयोगात किलोभर चाऱ्यात १४ मिलिग्रॅम औषध होतं. ते ४२ मिलिग्रॅम केलं आणि नऊ महिन्यांच्या वयापासून दिलं, तेव्हा मध्यक आयुष्य, म्हणजे निम्मे उंदीर मरेपर्यंतचा काळ, नरांत २३ आणि माद्यांत २६ टक्क्यांनी वाढला. वॉशिंग्टन विद्यापीठात २० महिन्यांच्या उंदरांना फक्त तीन महिने औषध देऊन बंद केलं, तरी फायदा मागे राहिला.

गणित कुठे चुकतं

आता इंटरनेटवर सर्वत्र दिसणारी चूक. ३० ग्रॅमचा उंदीर दिवसाला ५ ग्रॅमच्या आसपास चारा खातो. किलोमागे १४ मिलिग्रॅम, तर ५ ग्रॅममध्ये ०.०७ मिलिग्रॅम. उंदराच्या वजनाशी हिशेब मांडला तर किलोमागे रोज साधारण २.३ मिलिग्रॅम. यालाच ६० किलोनं गुणलं की १३८ मिलिग्रॅम येतात. असं कुणी करू नये. लहान प्राण्याचं चयापचय वेगवान असतं आणि औषध तो लवकर संपवतो, म्हणून मात्रा शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबानं बदलतात. उंदराच्या आकड्याला १२.३ नं भागायचं. २.३ भागिले १२.३ म्हणजे ०.१९, गुणिले ६० म्हणजे रोज ११ मिलिग्रॅम.

हाही आकडा मोठाच आहे. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाला नेहमीच्या पद्धतीत पहिल्या दिवशी ६ आणि नंतर रोज २ मिलिग्रॅम देतात, तेही रक्तातली पातळी वारंवार तपासत. उंदरांच्या रक्तात औषध मिलिलिटरमागे ६० ते ७० नॅनोग्रॅम होतं. रुग्णात ते बहुधा ५ ते १५ च्या दरम्यान राखतात. म्हणजे ज्या पातळीनं उंदरांना आयुष्य दिलं, त्या पातळीला माणूस नेता येत नाही. खालच्या पातळीत फायदा उरतो का, हा खरा प्रश्न आहे.

मात्रेपलीकडचीही एक हरकत आहे आणि ती मला सर्वांत वजनदार वाटते. हे उंदीर मुख्यतः कर्करोगानं मरतात. रॅपामायसिन पेशींची वाढ रोखतं, त्यामुळे गाठी उशिरा येतात. मग औषधानं म्हातारपण लांबवलं की नुसता कर्करोग? दोन्ही बाजूंनी पुरावा आहे. म्हाताऱ्या उंदरांच्या हृदयाचं काम सुधारलेलंही दिसलं. उलट, औषध घेणाऱ्या उंदरांत मोतीबिंदू वाढला आणि नरांचे वृषण लवकर आक्रसले. माणसं सर्वाधिक मरतात ती हृदयविकारानं आणि पक्षाघातानं. उंदराला हृदयाचा झटका आपल्यासारखा येत नाही. तेव्हा उंदराचं आयुष्य किती टक्के वाढलं, यावरून माणसाचं किती वाढेल हे काढताच येत नाही.

जे टिकलं नाही ते

आयटीपीचं खरं मोल मला त्याच्या नापास यादीत दिसतं. रेड वाइनमुळे गाजलेलं रेस्व्हेराट्रॉल: आयुष्य वाढलं नाही. ग्रीन टीचा अर्क: नाही. माशाचं तेल: नाही. निकोटिनामाइड रायबोसाइड, जे आज महागड्या बाटल्यांतून विकतात: नाही. आणि आपल्या जिव्हाळ्याचं हळदीतलं करक्युमिन: त्यानंही नाही. यावरून हळद कुचकामी ठरत नाही. भाजीत, आमटीत ती हवीच. पण करक्युमिनच्या गोळ्यांवर ‘वय रोखतं’ असं छापलेलं असेल तर या सर्वांत कडक परीक्षेत ते उतरलेलं नाही, एवढं नक्की.

मेटफॉर्मिनचं नाव अनेकांनी ऐकलेलं असेल. एकट्या मेटफॉर्मिननं या उंदरांत लक्षणीय वाढ झाली नाही. माणसांवर मोठा प्रयोग करण्याचा एक आराखडा गेली अनेक वर्षं मांडलेला आहे: ६५ ते ७९ वयाचे ३००० लोक, सहा वर्षं. गंमत नव्हे, गरज अशी की त्यात ‘वय’ मोजायचंच नाही. हृदयविकार, पक्षाघात, कर्करोग, स्मृतिभ्रंश आणि मृत्यू यांतलं पहिलं काहीही उशिरा येतं का, ते मोजायचं. म्हातारपण हा आजार म्हणून नोंदलेला नसल्यानं औषधाला मान्यता मिळवायची तर हाच रस्ता उरतो.

उत्तीर्ण झालेल्यांत एक नाव मधुमेहींच्या ओळखीचं आहे: अकार्बोज. हे आतड्यात पिष्टाचं विघटन मंदावतं, त्यामुळे जेवणानंतरची साखर एकदम उसळत नाही. नर उंदरांचं मध्यक आयुष्य २२ टक्क्यांनी वाढलं, माद्यांचं जेमतेम ५ टक्क्यांनी. नर-मादीतला हा फरक बऱ्याच औषधांत दिसतो आणि त्याचा पूर्ण उलगडा झालेला नाही. केवळ नरांवर केलेल्या प्रयोगावरून सर्वांसाठी निष्कर्ष काढू नयेत, याला हे पुरेसं कारण आहे.

माणसांत आतापर्यंत काय झालं

पहिला नेटका प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधले ६५ वर्षांवरचे २१८ लोक. औषध रॅपामायसिनचंच भावंड, एव्हेरोलिमस. सहा आठवडे औषध, दोन आठवडे विश्रांती, मग फ्लूची लस. म्हातारपणी लस नीट ‘लागत’ नाही, हे म्हातारपणाचंच एक लक्षण. कमी मात्रा घेतलेल्यांत लसीला मिळालेला प्रतिसाद सुमारे २० टक्क्यांनी सुधारला. प्रतिकारशक्ती दाबणारं औषध थोड्या मात्रेत आणि थोडे दिवस दिलं तर तीच सुधारतं, हे अनपेक्षित होतं. आठवड्याला २० मिलिग्रॅम या वरच्या मात्रेत मात्र दुष्परिणाम वाढले, जादा फायदा दिसला नाही.

त्यापाठोपाठ त्याच मार्गावर काम करणाऱ्या दुसऱ्या एका औषधाचा मोठा प्रयोग झाला आणि २०१९ मध्ये तो फसला. वृद्धांतल्या श्वसनाच्या आजारांत फरक पडला नाही. आधीच्या छोट्या प्रयोगांत संसर्ग मोजले होते. मोठ्या प्रयोगात लोकांनी स्वतः सांगितलेली सर्दी-खोकल्याची लक्षणं धरली, मग जंतू सापडो वा न सापडो. मोजायची गोष्ट बदलली की निकाल बदलू शकतो. अपयशाचं तेवढंच कारण होतं असं मात्र म्हणता येत नाही.

२०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पर्ल या प्रयोगात निरोगी लोकांना ४८ आठवडे, आठवड्यातून एकदा ५ किंवा १० मिलिग्रॅम रॅपामायसिन दिलं. पोटातली चरबी हे मुख्य माप होतं आणि तिच्यात लक्षणीय फरक पडला नाही. १० मिलिग्रॅम घेणाऱ्या स्त्रियांत चरबी वगळून उरलेलं वजन वाढलं आणि वेदना कमी झाल्या. शिवाय एक धडा मिळाला: प्रयोगासाठी औषधालयानं खास बनवून दिलेलं रॅपामायसिन नेहमीच्या गोळीच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच रक्तात पोचत होतं. म्हणजे कागदावरचे १० मिलिग्रॅम शरीराला तीन-साडेतीनच होते. दोन माणसं ‘मी आठवड्याला सहा घेतो’ असं म्हणत असतील, तर त्यांच्या रक्तात निरनिराळी मात्रा असू शकते.

स्नायूंचा प्रश्न तर अजून मोकळाच आहे. व्यायामानंतर स्नायू बांधले जातात ते एमटॉरच्याच हुकमानं. स्वयंसेवकांना वजनं उचलायच्या आधी रॅपामायसिनची एक मात्रा दिली, तेव्हा व्यायामानंतर एरवी होणारी स्नायूंतल्या प्रथिनांची वाढ थांबली. व्यायाम करणाऱ्या वृद्धांत मेटफॉर्मिननंही स्नायूंची कमाई घटवलेली दिसली आहे. सत्तरीतल्या माणसाला अंथरुणाला खिळवतं ते बहुतेकदा पडणं, आणि पडण्यामागे असतात आक्रसलेले स्नायू. दुरुस्तीच्या नादात बांधकामच थांबलं तर सौदा तोट्याचा.

‘जैविक वय’ सांगणारी किट

माणसाच्या प्रयोगाला वीस-तीस वर्षं कोण थांबणार? म्हणून डीएनएवरच्या रासायनिक खुणा मोजून वय सांगणारी घड्याळं आली. स्टीव्ह होर्व्हाथ यांचं २०१३ चं घड्याळ ३५३ ठिकाणच्या खुणा वाचतं. मोठ्या गटाची सरासरी काढायला ही साधनं उपयोगाची आहेत. एका माणसाला त्याचं वय सांगायला नाहीत. एकाच रक्ताचे दोन भाग करून मोजले तर काही घड्याळांत नऊ वर्षांपर्यंत फरक आलेला आहे. मार्चमध्ये ५४ आणि सप्टेंबरमध्ये ४९ आले, तर मधल्या काळात घेतलेल्या गोळ्यांचा तो परिणाम असेलच असं नाही.

निरनिराळी घड्याळं एकमेकांशी जुळतातही असं नाही. कॅलरी या प्रयोगात लठ्ठ नसलेल्या सुमारे २२० लोकांपैकी साधारण दोन तृतीयांशांनी दोन वर्षं कमी खाल्लं, बाकीचे तुलनेसाठी होते. लक्ष्य २५ टक्के कपातीचं होतं, प्रत्यक्षात जमली सुमारे १२ टक्के. एका घड्याळानं वय वाढण्याचा वेग २ ते ३ टक्क्यांनी मंदावल्याचं दाखवलं. बाकीच्यांनी काहीच दाखवलं नाही.

त्यापेक्षा पैसे न लागणारी मापं अधिक भरवशाची आहेत. आशियाई वृद्धांसाठी २०१९ मध्ये ठरवलेले निकष असे: हाताच्या पकडीचं बळ पुरुषात २८ किलोपेक्षा आणि स्त्रीत १८ किलोपेक्षा कमी नसावं, चालण्याचा वेग सेकंदाला १ मीटरच्या खाली जाऊ नये. पकड मोजायला यंत्र लागतं, पण तिसरं माप घरी होतं. हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवा. हात छातीवर बांधा. पूर्ण उभं राहून पुन्हा बसायचं, असं पाच वेळा, शक्य तितकं लवकर. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पायांत बळ कमी पडतंय. वृद्ध व्यक्तीची ही चाचणी घेताना बाजूला कुणीतरी उभं असावंच, आणि गुडघेदुखीनं वेळ लागला तर तो स्नायूंच्या खात्यावर मांडू नये.

आणि तरीही कुणी गोळी मागवलीच तर

सिरोलिमस भारतात सहज माहीत असलेलं औषध आहे, त्यामुळे स्वतःच्या मनानं सुरू करण्याचा मोह होणाऱ्यांसाठी हे लिहायलाच हवं. तोंड येणं ही सर्वांत नेहमीची तक्रार. कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड चढतात. साखर चढू शकते, आणि आपल्याकडे मधुमेहाची प्रवृत्ती आधीच जास्त. जखम उशिरा भरते, म्हणून शस्त्रक्रिया किंवा दात काढणं ठरलं असेल तर डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे. जिवंत जंतूंच्या लसी टाळाव्या लागतात.

सर्वांत धोकादायक आहे ती इतर औषधांशी होणारी गाठ. सिरोलिमस आतड्यात आणि यकृतात एका ठरावीक एन्झाइमकडून मोडलं जातं. क्लॅरिथ्रोमायसिन, बुरशीवरचं केटोकोनाझोल, रक्तदाबाचं डिल्टियाझेम, एवढंच काय ग्रेपफ्रूटचा रसही त्या एन्झाइमला अडवतो आणि रक्तातलं औषध कितीतरी पटींनी चढू शकतं. क्षयावरचं रिफॅम्पिसिन नेमकं उलटं करतं. प्रत्यारोपणाच्या रुग्णाची पातळी म्हणूनच तपासत राहतात. ती सोय घरी गोळी घेणाऱ्याला नसते.

पुढचं मोठं उत्तर कदाचित कुत्र्यांकडून येईल. अमेरिकेतल्या ट्रायड या प्रयोगात लोकांच्या घरी राहणाऱ्या, सात वर्षांवरच्या, मध्यम ते मोठ्या आकाराच्या कुत्र्यांना वर्षभर आठवड्यातून एकदा रॅपामायसिन किंवा तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी देतात आणि पुढे त्यांच्यावर लक्ष ठेवतात. लक्ष्य ५८० कुत्र्यांचं आहे. मालकाला आणि पशुवैद्याला, कुणालाच कळू दिलं जात नाही की कुठल्या कुत्र्याला काय मिळतंय. प्रयोगशाळेतल्या उंदरासारखं त्यांचं आयुष्य निर्जंतुक पिंजऱ्यात जात नाही. ते आपल्याच हवेत श्वास घेतात, जिने चढतात, उरलंसुरलं खातात, सांधे धरून म्हातारे होतात. मोजायचं आहे ते मुख्यतः एकच: कोणता गट जास्त जगला.